डांबर, रबर आणि निष्काम कर्म

नेमून दिलेलं काम केलं, बिल निघालं, पुढचं पुढे, ही वृत्ती सार्वजनिक बांधकामात खोलवर रुजली आहे, आणि तिला कधीकधी गीतेचाच टेकू दिला जातो. फळाची आशा धरू नये असं सांगितलंय ना, मग रस्ता पहिल्याच पावसात उखडला तर करणाऱ्याने जिवाला का लावून घ्यावं? हा अर्थ सोयीचा आहे आणि चुकीचा आहे. फलत्यागात माणूस स्वतःच्या लाभावरचा हक्क सोडतो. दुसऱ्याच्या पदरात काय पडणार याची काळजी सोडायची मुभा त्यात कुठेच नाही. डांबरात थोडं नैसर्गिक रबर घालायचं की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावरही हे पारखून पाहता येतं.

पालघर जिल्ह्यातला घिवली ते बोईसर हा पट्टा घ्या. एका अंगाला समुद्र, दुसरीकडे तारापूर औद्योगिक वसाहतीत ये-जा करणारे टँकर, शेजारी 1969 पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र, आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मे महिन्यात डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापतो. साधं डांबर मऊ पडतं आणि जड चाकांखाली खोबणी पडतात. मग पाऊस येतो, पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरतं आणि खडी सुटी होते. रबर मिसळलेलं डांबर साध्यापेक्षा जास्त उष्णतेला मऊ होतं, घट्ट असल्यामुळे खडीवर त्याचा थर जाड बसतो, आणि ताण पडला तरी ते बरंचसं मूळ जागी परततं. याची प्रयोगशाळेतली चाचणी पाहण्यासारखी असते: डांबराचा नमुना पंधरा अंशांना दहा सेंटिमीटर ताणायचा, मधोमध कात्रीने कापायचा आणि तासाभराने तो किती मागे आला ते मोजायचं. पण मिश्रण करणं हे सबुरीचं काम आहे. तापलेल्या डांबरात रबराचा चीक ओतला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन फेस उसळतो, म्हणून तो बारीक धारेने, ढवळत घालावा लागतो. तापमान हाताबाहेर गेलं तर रबराच्या लांब साखळ्या तुटतात आणि घातलेलं सगळं वाया जातं. एवढं करून रोलर फिरला की दोन्ही रस्ते सारखेच काळेभोर दिसतात. उद्घाटनाच्या दिवशी नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तो कळतो काही पावसाळ्यांनी, तोवर अभियंत्याची बदली झालेली असते.

इथेच प्रश्न धर्माचा होतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. फळाची ओढ सुटलेल्या माणसाचं काम ढिलं न पडता अधिक चांगलं होतं, कारण त्याचं सगळं लक्ष कामातच असतं, हा विचार त्यांनी तिथे मांडला. आपल्या परंपरेत यज्ञयागाच्या बरोबरीने विहिरी, तळी, धर्मशाळा बांधण्यालाही पुण्य मानलं आहे. अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटांवर उतरणाऱ्या यात्रेकरूंना त्या कधी ओळखत नव्हत्या. रस्त्याचंही तसंच आहे. पहाटे मासळीची पाटी घेऊन बोईसरला जाणारी बाई, रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेली रिक्षा, यांची नावं कोणत्याच अंदाजपत्रकात नसतात. शिवाय अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरांसाठी आपत्कालीन आराखडा असतो. गाव रिकामं करायची वेळ आलीच, तर माणसं याच रस्त्यांनी बाहेर पडणार.

पहिला आक्षेप पैशाचा: आदिवासी पाडे रस्त्यावाचून असताना एकाच रस्त्यावर जास्त खर्च का? आक्षेप खरा आहे, आणि जिथे वाटच नाही तिथे आधी वाट हवी हे मला मान्य आहे. पण जो रस्ता दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो, तोच पाड्यांचा पैसा खातो. दुसरा आक्षेप असा की गटारं नसतील, खालचा मुरूम नीट दाबलेला नसेल, तर रबर काय करणार? काहीच नाही. म्हणून रबराची भलावण करून गटारांचा खर्च वाचवणाऱ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नये. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. रबराच्या बागा आता आपल्या दोडामार्गातही आहेत, तिथे हत्ती-वाघांच्या वाटा आहेत, आणि 2020 साली तिथल्या तिलारी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. घिवलीचा रस्ता टिकावा म्हणून सह्याद्रीतलं रान तोडायचं, हा अधर्मच होईल. रबर जुन्या बागांचं, मुख्यतः केरळचं घ्यावं. नव्या रानावर कुऱ्हाड चालणार असेल तर या उपायावर पाणी सोडावं.

सुधारित डांबरासाठी भारतीय मानक आहे, इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना आहेत, केरळात असे रस्तेही झाले आहेत. म्हणून घिवलीच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल तेव्हा लांबी-रुंदीवर थांबू नका. डांबर कोणतं, गटार कुठे, दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती वर्षांचा हे विचारा, आणि चाचणीचा अहवाल बिल निघण्याआधी गावासमोर वाचायला लावा.