रज्जुसर्प आणि बँक

अंधारात पडलेली दोरी माणसाला साप वाटते. तो घाबरतो. कुणी दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि दोरी उरते. अद्वैत वेदान्तात हा दाखला शेकडो वर्षं दिला जातोय. आमच्या कोळवणात चिन्मय मिशनचं 'चिन्मय विभूती' हे मोठं केंद्रच आहे, त्यामुळे वेदान्त आम्हाला शेजारचा. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. कुठलंही खातं दिसलं की त्याची दुसरी बाजू बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोरीला साप समजणाऱ्याचं काय होतं, ते वेदान्ताने सांगितलं. सापाला दोरी समजणाऱ्याचं काय होतं?

मुळशी तालुक्यात हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही. पावसाळा इथे पाहुणा म्हणून न येता मुक्कामाला येतो. भातखाचरं तुडुंब भरतात आणि बेडूक-उंदरांच्या मागोमाग नाग, घोणस, मण्यार कोरडी जागा शोधत घराकडे वळतात. पायताण झटकून घालायचं, सरपणात हात घालण्याआधी काठी आपटायची, हे इथलं पोर बाराखडीच्या आधी शिकतं. कुणी "साप, साप!" म्हणून ओरडलं की चार घरची माणसं काठ्या नि टॉर्च घेऊन धावतात, आताशा सर्पमित्रालाही फोन जातो. पुष्कळदा तो बैलाचा कासराच निघतो. मग "काय आबा, कासरा चावला का?" अशी यथेच्छ टिंगल होते, चहा होतो, मंडळी घरी जातात. पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी तेच आबा पुन्हा ओरडले, तर तीच माणसं पुन्हा येतात. काल कासरा होता म्हणून आज कुणी काठी घरी ठेवत नाही.

ऑफिसचा हिशेब वेगळा. एका शाखेतली गोष्ट सांगतो. कुठल्या, ते विचारू नका. मला निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. ऐन गर्दीत काउंटरवरच्या एक नव्या बाई उठल्या, "वायर जळल्याचा वास येतोय" म्हणाल्या, आणि 'योग्य मार्गाने अर्ज करा' असं कुणी सांगायच्या आत त्यांनी मेन स्विच पाडलासुद्धा. दिवे बंद, पंखे बंद. चालू राहिली ती फक्त गिऱ्हाइकांची तोंडं. वायरमनने कानाकोपरा तपासला. काही नाही. मागच्या गल्लीत कुणीतरी तांब्यासाठी जुन्या वायरी जाळत होतं. म्हणजे नाक बरोबर, पत्ता चूक! पण बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि त्यांचं नाव पडलं 'आगीचा बंब'.

चार महिन्यांनी शिपायाने दुपारी दोनला बॅटऱ्यांची खोली उघडली, तर एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली आणि खोलीभर उग्र वास. नशिबाने तेवढ्यावरच निभावलं. साहेबांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला नाही आला वास?"

बाई म्हणाल्या, "आला ना. सकाळी साडेदहापासून येतोय."

शाखेत लाल सिलिंडर होता. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, तपासणीची तारीख ताजी होती. बाईंचं नाकही शाबूत होतं. बंद पडलं होतं ते फक्त तोंड, आणि ते आम्हीच शाखेच्या खर्चाने बंद करून घेतलं होतं.

सिलिंडरसाठी कायदा आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक अधिनियम २००६ सालचा. यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला त्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाची आग छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग धरला; शाळांत आग विझवायची साधनं हवीत, शिक्षकांना ती वापरता आली पाहिजेत, असं बजावलं. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालय पेटलं, त्यात पाच माणसं गेली. तेव्हा कायदा हवा, सिलिंडर हवा, दाखलाही हवा. पण 'चुकून ओरडणाऱ्याला शिक्षा करू नये' हे कलम कुठल्या कायद्यात घालणार?

तुम्ही म्हणाल, 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट विसरलात काय? विसरतो कसा! आपण ती वर्गात शिकवतो आणि मुलं तिच्यातून एकच धडा घेतात : खात्री झाल्याशिवाय तोंड उघडू नये. अहो, पण लांडगा नाही हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. तो लबाड होता. चुकणारा माणूस लबाड नसतो. दोघांना एकाच रकान्यात टाकणं म्हणजे जोश्यांची रक्कम कुलकर्ण्यांच्या खात्यात जमा करणं. शिवाय गोष्टीच्या शेवटी लांडगा खरंच येतो. गाव शहाणा ठरतो, मेंढ्या मात्र जातात.

खोट्या सापाची किंमत पाच मिनिटं आणि चार कप चहा. खोट्या दोरीची किंमत कुठल्याच लेजरात मावत नाही. म्हणून वर्गातलं एखादं पोर "बाई, पंखा कसासाच आवाज करतोय" म्हणालं, तर बाईंनी आधी पंखा बंद करावा, वर बघावं आणि काही नसलं तरी "बरं केलंस सांगितलंस" म्हणावं. नाहीतर पुढच्या वेळी ते पोर पंख्याखालून मुकाट्याने बाक सरकवून घेईल. स्वतःचाच.

टिंगल करायला माझी ना नाही. फक्त ती कोळवणच्या रीतीने करावी. आधी काठी घेऊन यावं, मग हसावं.