पाझर फुटला, पुढे काय?

समतेवरच्या व्याख्यानाला टाळ्या देणारा माणूस दुसऱ्या दिवशी नोकरीचे अर्ज चाळताना आडनावापाशी थबकतो. म्हणून कामाच्या ठिकाणची विविधता सांगून नव्हे, वर्गात कृतीतून शिकवावी, हे आता सगळेच मान्य करतात. प्रश्न आहे तो कृती कोणती, हा.

सर्वांत गाजलेली कृती अमेरिकेतली. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी आयोवातल्या राइसव्हिल गावात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून उच्चनीच ठरवलं. ‘नीच’ ठरलेल्यांच्या गळ्यात कापडी पट्टे आले. बघता बघता ‘उच्च’ मुलं शिरजोर झाली. नंतर बाजू उलटवण्यात आल्या. पुढे बाईंनी हाच खेळ कंपन्यांतल्या मोठ्या माणसांवरही केला. अपमान कसा लागतो, हे त्यातून नक्की कळतं. पण दुखावलेला किंवा खजील झालेला माणूस कचेरीत परतल्यावर वेगळं काय करणार, याचं उत्तर त्या खेळात नाही.

ते उत्तर टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये सापडतं. १९७१मध्ये तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि तंटे सुरू झाले. मानसशास्त्रज्ञ एलियट आरन्सन यांनी उपदेश केला नाही, अभ्यासाची मांडणीच बदलली. मुलांचे छोटे गट केले, एका चरित्राचे तुकडे करून प्रत्येकाला एक दिला. परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर. एका गटात इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाची टिंगल सुरू झाली. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने एवढीच आठवण दिली, की त्याच्याजवळचा भाग त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे. हळूहळू टिंगल थांबली आणि मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली. त्यांना आधी पाझर फुटला नव्हता. आधी गरज पडली, आपुलकी मागाहून आली.

आपल्याकडे या धड्याची निकड जुनी आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते. दलित वाटणाऱ्या नावांना सवर्ण नावांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी.

वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या वर्गात हे सहज करून बघता येईल. एकच बायोडेटा, फक्त नाव वेगळं. अर्ध्या वर्गाला एक प्रत, अर्ध्याला दुसरी. गुण द्या आणि कारण लिहा. चाळीस मुलांच्या सरासरीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे शिक्षकाने आधीच सांगावं. खरी गंमत कारणांत असते. ‘आत्मविश्वास कमी वाटतो’, ‘टीममध्ये जमणार नाही’ असे शेरे आले, तर ते कागदावरच्या कुठल्या ओळीतून आले, ती ओळ दाखवायला सांगावी. एक पथ्य मात्र कडक पाळावं: वर्गातल्या दलित, मुस्लिम किंवा अपंग विद्यार्थ्याला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभं करू नये. इतरांच्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची जखम उघडी करावी, ही अपेक्षाही अन्यायच.

इथवर आपण एलियटबाईंच्या मुक्कामी पोहोचतो. पुढचा अर्धा तास आरन्सनचा. पाच-पाच जणांची निवड समिती करावी. एकाकडे अर्ज, दुसऱ्याकडे चाचणीचा पेपर, तिसऱ्याकडे मुलाखतीची टिपणं, चौथ्याकडे आधीच्या मालकाचं पत्र, पाचव्याकडे त्या पदाच्या गरजा. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय निवड होऊच शकत नाही. शेवटी समितीने आपले नियम लिहून द्यावेत: नावं कधी झाकायची, निकष कधी ठरवायचे, चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण नोंदवायचे की नाही. परीक्षकाने गुण द्यावेत ते या नियमांना. कुणाला किती वाईट वाटलं, त्याला नव्हे.