अळीचं वय

कढीपत्त्याची पानं एका रात्रीत संपली, अशी तक्रार पावसाळ्यात घरोघरी ऐकू येते. ती अळी मात्र एका रात्रीत आलेली नसते. दोनेक आठवडे ती त्याच झाडावर खात, वाढत असते आणि आपल्याला ती कळते शेवटच्या काही दिवसांत. पानं खाणाऱ्या किडींचा बंदोबस्त करताना पहिला प्रश्न 'काय फवारू?' असा विचारला जातो. त्याआधी अळीचं वय काय, हे पाहायला हवं, कारण उपाय चालणार की नाही हे त्या वयावर ठरतं.

लिंबू आणि कढीपत्त्यावर येणारं, काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं फुलपाखरू घ्या. मादी कोवळ्या शेंड्यावर एकेक पिवळसर गोल अंडं घालते. तीन-चार दिवसांत त्यातून दोन-तीन मिलिमीटरची अळी निघते. ती चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण पाच अवस्था होतात. पहिल्या चार अवस्थांत तिचा रंग करडा-तपकिरी असतो आणि मधे पांढरा पट्टा असतो, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असंच वाटतं. आपण तिच्याकडे पाहतो आणि नजर पुढे सरकते. पाचव्या अवस्थेत ती हिरवीगार आणि साडेतीन-चार सेंटिमीटर लांब होते. डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेला नारिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

खरी मेख तिच्या खाण्यात आहे. आधीच्या चार अवस्थांत मिळून ती जेवढं खाते, त्याहून कितीतरी जास्त एकट्या पाचव्या अवस्थेत खाते. पहिले काही दिवस पानाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी खोबण दिसते. शेवटी मात्र फांदीवर नुसत्या शिरा उरतात. म्हणजे नुकसान डोळ्यांत भरतं तोवर ते जवळजवळ पुरं झालेलं असतं.

आपण बाटली आणतो ती नेमकी तेव्हा. संध्याकाळी फवारणी होते आणि दुसऱ्या दिवशी झाडावर अळी दिसत नाही. औषध लागू पडलं, असं आपण धरून चालतो. खरं तर पूर्ण वाढलेली अळी आपणहून खाणं थांबवते आणि एखाद्या काडीला चिकटून कोष करते. फवारलं नसतं तरी ती गेलीच असती. अनेक औषधांना असं फुकटचं श्रेय मिळतं आणि पुढच्या वेळी माणूस पुन्हा तीच बाटली उशिराच उघडतो.

मवाळ म्हणून ओळखले जाणारे दोन उपायही वयाच्या या नियमातून सुटत नाहीत. पहिला बीटी जिवाणूंचा. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना मरणाऱ्या रेशीमकिड्यांत हा जिवाणू सापडला. पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी थुरिंगिया प्रांतावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिलं. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि आतड्याच्या भिंतीला छिद्रं पाडतं. म्हणून ते अंगावर पडून उपयोग नाही, ते पानासोबत पोटात जायला हवं. लहान अळी थोडंसं खाऊनही मरते, मोठीला जास्त मात्रा लागते. शिवाय उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावं.

दुसरा निंबोळी अर्क. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळी हिरवाई फस्त केली, पण कडुलिंब मात्र सोडला. जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी ते पाहिलं आणि कडुलिंबाच्या अभ्यासाला जोर आला. त्यातलं अॅझाडिरॅक्टिन अळीची भूक मारतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. हे काम सावकाश होतं. लहान अळीला कात टाकण्याचे टप्पे अजून पार करायचे असतात, तिथे ते उपयोगी पडतं. हिरव्या, लठ्ठ अळीवर परिणाम होईतो शेंडे खाऊन झालेले असतात. घरी करायचा तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि सकाळी फडक्यातून गाळून चिमूटभर साबण मिसळावा. तो ताजाच वापरायचा, साठवायचा नाही.

कुंडीतल्या दोन-चार झाडांना माझ्या मते यातलं काहीच लागत नाही. मादी कोवळ्याच पानांवर अंडी घालते, म्हणून नवी पालवी फुटली की आठवड्यातून दोनदा शेंड्याची पानं उलटून पाहावीत. अंडं किंवा 'विष्ठा' दिसली तर ते पान तेवढं खुडावं. ज्याची पानं आपण फोडणीत टाकतो, त्या कढीपत्त्यावर रासायनिक कीटकनाशक मारणं मला मुळीच पटत नाही.

तगर आणि कण्हेरीवर येणारी हिरवी अळी बोटाएवढी होईपर्यंत पानांत बेमालूम दडते. तिथे फरशीवर पडलेल्या काळ्या लेंड्या पाहाव्यात आणि त्यांच्या सरळ वरच्या फांदीवर शोध घ्यावा.

हुमणीचं उलटं आहे. तिची अळी जमिनीत मुळं खाते आणि पानं खातो तो प्रौढ भुंगेरा. पहिला वळीव पडला की तो मे-जूनमध्ये संध्याकाळी मातीतून निघतो आणि कडुलिंब-बाभळीवर गोळा होतो. शेतकरी रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडतात आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. मादी मातीत अंडी घालण्यापूर्वीचे ते थोडे दिवस साधले, तर पुढची पिढी कमी होते. म्हणजे इथेही प्रश्न वयाचाच आहे. गुलाबाच्या पानांना कंपासने कापल्यासारखे गोल दिसले तर मात्र काहीच करू नका. ती पानकापी मधमाशी असते. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर म्हणून नेते, आणि फुलांचं परागीकरणही करते.

जमिनीत रुजलेलं, वाढलेलं लिंबाचं झाड थोडी पानं गेल्याने मरत नाही, पुन्हा फुटतं. वीतभर रोपाचं तसं नाही, त्याला जपावंच लागतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली पानं खातात. तेव्हा रोपावरची अळी सापडली तर चिरडू नका, जवळपासच्या मोठ्या लिंबावर नेऊन सोडा.