मेंदूची घडण आणि मानवाची जबाबदारी

संतापी मनुष्यास जाब विचारला असता तो म्हणतो, "माझी घडणच तशी आहे." आज हेच उत्तर विज्ञानाच्या भाषेत दिले जाऊ लागले आहे, म्हणून त्याचा विचार अगत्याचा ठरतो.

मेंदूचे बाह्य आवरण दोन ते चार मिलिमीटर जाडीचे, वळ्यावळ्यांनी दुमडलेले आणि बहुतांशी सहा थरांचे असते. १९०९ साली जर्मन शास्त्रज्ञ ब्रोडमान यांनी पेशींची मांडणी पाहून त्याचा नकाशा काढला. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात आज्ञा बाहेर धाडणारा पाचवा थर ठसठशीत, तर दृष्टीच्या भागात संदेश स्वीकारणारा चौथा थर दाट असतो. निर्मात्याने जसे कार्य सोपविले, तशीच रचना दिली.

कपाळामागील भागाकडे आवर घालण्याचे कार्य आहे. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या फिनिअस गेजच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालणे-बोलणे शाबूत राहिले. परंतु समंजस मुकादम उद्धट व लहरी झाल्याची नोंद त्याच्या डॉक्टरांनी केली. (सूरह अलकमध्ये खोटारड्या, अपराधी कपाळाचा उल्लेख आहे. त्यात या शोधाचे भाकीत आहे, असे काही जण उत्साहाने सांगतात. अरबीत कपाळावरचे केस धरणे म्हणजे पूर्णतः ताब्यात घेणे. आयतीचा इशारा समजण्यास प्रयोगशाळेची साक्ष लागत नाही.)

मग गेजला दोषी मानावे काय? झोपलेला, अजाण बालक आणि बुद्धी हरपलेला यांच्यावरून लेखणी उचलली गेली आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वज्ञात आहे. जबाबदारी सामर्थ्याएवढीच असते. ज्याची बुद्धी शाबूत असूनही संयमशक्ती दुखावली आहे, त्याचा हिशेब अल्लाहच जाणो. आपण निवाड्याची घाई करू नये.

परंतु आपला संतापी मनुष्य गेज नव्हे. तो वरिष्ठांसमोर राग गिळतो आणि घरी पत्नीवर ओरडतो. आवर घालणारा भाग कार्यरत असल्याची साक्ष त्याचे वर्तनच देते. शिवाय ही घडण दगडावरची रेघ नाही. जन्मांध व्यक्ती ब्रेल वाचते, तेव्हा दृष्टीसाठी असलेला भाग बोटांच्या स्पर्शाने जागा होतो. सरावाने मेंदू नवे कार्य स्वीकारतो. राग आल्यास उभ्याने बसावे, तरीही न शमल्यास आडवे व्हावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हा सराव त्या मनुष्याने आजवर किती वेळा केला, हे त्यानेच सांगावे.