निकदेमाचा प्रश्न



आपल्या कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेलेली बाई पाटीसमोर बसली की आधी काय करते? कल्ला उचलून बघते. कल्ला लाल आहे का, डोळा चकचकीत आहे का, बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो की मांस पुन्हा वर येते, हे पाहिल्याशिवाय ती पैसे काढत नाही. ज्या मावशीची मासळी ताजी असते, तिला या तपासणीचा राग येत नाही. उलट तीच म्हणते, "बघून घे गं!"

मासळीच्या बाबतीत इतके चोखंदळ असलेले आपण शेजाऱ्याविषयी ऐकलेली गोष्ट मात्र कल्ला न उघडताच घरी आणतो. मोबाईलवर आलेला निरोप वाचून होण्याआधीच दहा जणांना पाठवतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! संत पौलाने थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती लोकांना सर्व गोष्टी पारखून घेण्यास आणि चांगले ठरेल तेच धरून ठेवण्यास सांगितले होते. पारखणे म्हणजे अविश्वास नव्हे. खोट्याला जागा न देणे ही सत्याची सेवाच आहे.

या दृष्टीने योहानकृत शुभवर्तमानातील निकदेम आपला चांगला गुरू आहे. तो परुशी होता, लोकांचा पुढारी होता, स्वतः शिक्षक होता. तिसऱ्या अध्यायात तो रात्री प्रभू येशूकडे येतो आणि विचारतो, म्हातारा झालेला माणूस पुन्हा कसा जन्मेल? प्रश्न भाबडा वाटतो, पण प्रभू त्याला हाकलून देत नाही. तो त्याच्याशी बोलतो आणि उलट त्यालाच विचारतो, इस्राएलचा गुरू असून तुला हे कसे समजत नाही? निकदेमाला त्या रात्री सगळे कळले असे शुभवर्तमान म्हणत नाही. पण प्रश्न घेऊन बसायला तो तिथे शिकला.

सातव्या अध्यायात तोच निकदेम भरसभेत बसला आहे. येशूला धरून आणायला पाठवलेले शिपाई हात हलवत परत आले आहेत. मुख्य याजक आणि परुशी चिडले आहेत. अशा वेळी निकदेम एकच प्रश्न विचारतो. एखाद्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय, त्याने काय केले हे समजून घेतल्याशिवाय, आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते का?

उत्तर काय मिळाले? "तूही गालिलीच का?" म्हणजे उत्तर नाहीच, टोमणा! वर त्यांनी ठणकावले की गालिलातून संदेष्टा येत नाही, शोधून पाहा. पण त्यांनी स्वतः शोधले नव्हते. योना संदेष्टा गथ-हेफेरचा, आणि ते गाव गालिलातलेच. येशूचा जन्म बेथलेहेमात झाला, हेही कोणी चौकशी केली असती तर कळले असते. धर्मशास्त्राचे पंडित रागाच्या भरात साधी खात्री करायला विसरले. शेवटी एका निरपराध माणसाचा बळी गेला.

हे दोन हजार वर्षांपूर्वीचे झाले असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे; भिक्षा मागून पोट भरणारे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून त्या भागात आधीच पोचली होती. जमावाने त्या पाचही जणांना मारमारून ठार केले. तुम्ही कुठले? इथे कशाला आलात? तुमच्या गावी कोणाला फोन लावू? एवढे विचारून उत्तराची वाट पाहिली असती, तर पाच घरांतली माणसे घरी परतली असती.

"तू कुठला?" हे शब्द चौकशीचे असू शकतात आणि दगडही होऊ शकतात. उत्तर ऐकायची आपली तयारी आहे की नाही, यावर ते ठरते. कोळी बांधवांची जुनी वस्ती, फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबे, दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून पोटासाठी आलेली माणसे, असे आपण सारे शीवमध्ये एकमेकांना लागून राहतो. शीव म्हणजे हद्द. हद्दीवर राहणाऱ्याने तर पलीकडच्याचे म्हणणे ऐकण्याची सवय अधिकच लावून घ्यावी.

ख्रिस्तसभेला प्रश्नांचे वावडे नाही. देवदूताचा निरोप ऐकून पवित्र मरीयेने हे कसे होईल असे विचारले, आणि मग होकार दिला. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारत होता. संत थॉमस अक्वायनस आपल्या मोठ्या ग्रंथात प्रत्येक विषय प्रश्नाने सुरू करतो, विरुद्ध बाजूचे मुद्दे आधी नीट मांडतो आणि मगच स्वतःचे उत्तर देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण आपल्याच भाषेतले, सुमारे ११,००० ओव्यांचे. त्यातही श्रोते मध्येच शंका काढतात आणि गुरू त्यांचे समाधान करतो.

अर्थात सगळेच प्रश्न सारखे नसतात. कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न प्रभूला शिकण्यासाठी नव्हे तर पकडण्यासाठी विचारला गेला. आपला प्रश्न प्रामाणिक आहे का, याची कसोटी सोपी आहे: उत्तर पटले तर मी माझे मत बदलीन का?

पालकांनो, मूल विचारते, "देव चांगला आहे तर आजी का गेली?" आपण म्हणतो, "गप्प बस, असे विचारू नये." मूल गप्प बसते. पण प्रश्न संपत नाही. तो दुसऱ्या कोणाकडे तरी जातो. "मलाही पुरते ठाऊक नाही, चल, आपण फादरांना विचारू," असे म्हटल्याने आईबापांचा मान कमी होत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातही उत्तर पाठ असलेल्या मुलाइतकीच प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी मिळू द्या.

या आठवड्यात घरी रोझरीनंतर पाच मिनिटे एकत्र बसून विचारा:
१. आज मी ऐकलेली कोणती गोष्ट खात्री न करता पुढे सांगितली?
२. ज्याच्याविषयी बोललो, त्याचे म्हणणे मी ऐकले होते का?
३. घरातल्या कोणाचा प्रश्न मी दाबून टाकला?

निकदेमाचा प्रश्न सभेत हरला. तरीही तो प्रभूपासून दूर गेला नाही. क्रुसावरून उतरवलेल्या प्रभूच्या देहासाठी तोच गंधरस व अगरू घेऊन आला, रात्रीच्या अंधारात नव्हे, सर्वांच्या देखत. प्रामाणिक प्रश्न माणसाला क्रुसापर्यंत घेऊन जातो. प्रभू आपल्याला विचारण्याचे धैर्य आणि ऐकून घेण्याची नम्रता देवो. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू