प्रारब्ध आणि भाऊकी

रांजणगावच्या महागणपतीची जी कथा परंपरेने सांगितली जाते तिच्यात त्रिपुरासुराशी युद्धास निघालेल्या साक्षात शंकराला प्रथम अपयश येते, आणि आपण गणेशाचे पूजन केले नव्हते हे ध्यानात आल्यावर तो ते यथासांग करून पुन्हा युद्धास उभा राहतो व विजयी होतो. अपयशाचे कारण शोधले जाते, ते सापडल्यावर उपाय केला जातो, आणि प्रारब्धाचा उल्लेखही कोणी करीत नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण हे दैवत ज्या शिरूर तालुक्यात नांदते तेथील एखाद्या साठीच्या गृहस्थाला लघवी तुंबण्याचा त्रास सुरू झाला म्हणजे ‘वय झालं, चालायचंच’, आणि पुढे त्यामागे कॅन्सर निघाला म्हणजे ‘नशिबाचे भोग’, या दोन वाक्यांत त्याच्या घरातील सारी चर्चा बहुधा आटोपते.

पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग पुष्कळांना उतारवयामुळेच होतो. तथापि काही घराण्यांत पेशींतील मोडतोड दुरुस्त करणारी जनुकेच जन्मतः सदोष असतात. त्यांपैकी बीआरसीए-२ हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असून १९९५ साली त्याचा छडा लागला. त्याची ख्याती झाली ती स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगामुळे, आणि म्हणून पुरुषांनी त्याच्याशी आपला काही संबंध नाही असे दीर्घकाळ मानले. २०१६ साली मात्र, रोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या ६९२ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील ८२ जणांत असा कोणता ना कोणता उपजत दोष आढळला. बीआरसीए-२ सदोष असलेल्या पुरुषाला हा रोग तुलनेने लवकर व अधिक उग्र स्वरूपात होण्याचा संभव असतो. रोग पसरल्यावर ओलापॅरिबसारखे औषध अशा रुग्णांना विशेष उपयोगी पडते. आणि अशा रुग्णाच्या भावांपैकी व मुलांपैकी ज्यांच्यात तोच दोष सापडेल त्यांनी चाळिशीपासून पीएसए ही रक्ततपासणी करीत जावे, असा सल्ला तज्ज्ञ देतात.

मग हा दोष म्हणजे प्रारब्धच नव्हे काय? एका अर्थाने आहे. तो कोणी मागितलेला नसतो आणि कोणाला नाकारता येत नाही. परंतु आपल्याच परंपरेने येथे थांबण्यास नकार दिलेला आहे. चरकसंहितेत प्रमेहासारखा विकार बीजदोषामुळे कुळात उतरतो असे स्पष्ट सांगितले आहे, आणि त्याच संहितेच्या विमानस्थानात, मनुष्याचे आयुष्य नियत असते काय या अग्निवेशाच्या प्रश्नावर, सर्वच नियत असते तर औषधोपचाराला प्रयोजन उरले नसते, दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, असे आत्रेयांचे उत्तर आहे. कुळातून आलेला विकार ओळखणारा आणि दैववाद खोडून काढणारा ग्रंथ एकच असावा, ही साधी गोष्ट नव्हे. लोकमान्यांनीही १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. उलटपक्षी, अमुक रोग अमुक पापाचे फळ अशा याद्या देणाऱ्या कर्मविपाकाच्या पोथ्यांनी आपल्या समाजाचे फार नुकसान केले, असे मी निःशंकपणे म्हणतो; कारण रोगाला पापाचा शिक्का बसला की माणूस तो लपवितो, आणि जो विकार कुळात वाटला गेलेला आहे तो लपविणे म्हणजे भावाच्या हक्काची माहिती दडपणे होय.

कारण जनुकातील दोष शोधणारी ही परीक्षा इतर परीक्षांसारखी एकट्याची नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त सपिंडत्वाचा, म्हणजे रक्तनात्याचा, आधार श्राद्धाचा भाताचा पिंड न मानता एकाच शरीराच्या अवयवांचा अन्वय मानला, तो पित्याकडून येतो तसाच मातेकडूनही येतो असे सांगितले, आणि मर्यादा मात्र पित्याकडे सात व मातेकडे पाच पिढ्यांची धरली. आमच्या खेड्यांतून या विचाराचे जे शिल्लक आहे ते सुतक. भाऊकीत कोणी गेले की दहा दिवसांचे सुतक सर्व घरे पाळतात, निरोप त्याच दिवशी वाडीवस्तीपर्यंत पोहोचतो. पण तो माणूस कशाने गेला, त्याच्या बापाला हेच झाले होते काय, त्याच्या आत्याला स्तनाचा कॅन्सर होता काय, हे कोणी विचारीत नाही व कोणी सांगत नाही. शिवाय जनुकाला सात आणि पाच हा भेद ठाऊक नाही. जमिनीच्या वारशात मुलीला जन्मतः समान हक्क मिळण्यास २००५ सालची कायद्याची दुरुस्ती यावी लागली, आणि तलाठ्याच्या दप्तरी तिचे नाव लागताना भाऊबंद आजही कुरकुर करतात. या दुसऱ्या वारशात मात्र प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, दोनांत एक इतका संभव पहिल्यापासूनच आहे.

वैद्याला रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या नातलगांना काही कळविता येत नाही. म्हणजे निरोप्या तो रुग्णच; आणि त्याला जर आपल्या अहवालाचा अर्थ कळला नसेल, तर तो निरोप त्याच्याबरोबरच संपतो. येथे खरी अडचण आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली पाळीने काम करणारा विदर्भ-मराठवाड्यातील माणूस असो की घोड नदीकाठचा ऊसवाला शेतकरी असो, संमतिपत्र पुढे आले की ‘तुम्ही म्हणाल तिथं सही करतो, साहेब’ असे म्हणून तो मोकळा होतो. ही श्रद्धा आहे, संमती नव्हे. अमेरिकेत याच्या उलट अनुभव आहे: तेथील कृष्णवर्णीय पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट, परंतु टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यखात्याने उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांवाचून नुसते निरीक्षणाखाली ठेवले, त्याची आठवण तेथे अद्याप बुजलेली नाही. आंधळा विश्वास आणि सकारण अविश्वास, दोहोंचा उतारा एकच, समजून सांगणे.

आणि ते खेड्यात होत नाही असे म्हणण्याची सोय बार्शीने ठेवलेली नाही. १९८७ साली तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन बोलत राहिले, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. ज्या अवयवाचे नाव चारचौघांत उच्चारणे अशक्य मानले जात होते त्याविषयी खेड्यातील बायकांशी बोलता आले. मग पुरुषांशी का येऊ नये?

सांगावयाचे ते फार नाही, परंतु ते घाईने सांगून भागणार नाही. दोष सापडला म्हणजे रोग झाला असे नव्हे. सापडला नाही म्हणजे अभय मिळाले असेही नव्हे. आणि कधी अहवालात असा बदल निघतो की ज्याचा अर्थ शास्त्रालाच अद्याप लागलेला नसतो, व भारतीयांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण जगाच्या संग्रहांत आपल्या लोकांची नमुन्यादाखल नोंदच थोडी आहे. स्वतःपुरते हे जाणून घ्यावयाचे नाही असे कोणी ठरविले तर तो त्याचा अधिकार आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु नमुना दिला असेल, तर हे सारे बोलणे मराठीत, पत्नी किंवा भाऊ शेजारी बसलेला असताना, रक्त घेण्यापूर्वी एकदा आणि अहवाल आल्यावर पुन्हा एकदा व्हावे. ऐकलेले त्याने आपल्या शब्दांत परत सांगावे. आणि दौंडला दिलेल्या बहिणीला फोन कोणी करावयाचा व काय सांगावयाचे, हेही त्याच बैठकीत ठरावे.