‘काही त्रास नाही’ या उत्तराचे वजन

महाधमनीची झडप अरुंद झाली की हृदयाच्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. इकोमध्ये झडपेचे तोंड १ चौरस सेंटिमीटरहून लहान आणि रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर दिसला, तर आजार तीव्र समजतात. त्याबरोबर दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर झडप बदलण्याबद्दल दुमत नसते. पेच पडतो तो तीव्र आजार असून त्रास नसलेल्या रुग्णापुढे. नागपुरात मेडिकल चौकात रिपोर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या मायलेकांच्या तोंडून तो असा ऐकू येईल.

“आई, करायचंच आहे तर आत्ताच उरकू. सहा-सहा महिने जीव टांगणीला काहून लावायचा?”

“मला काही होत नाही रे. चालत्या शरीराला सुरी कशाला?”

आईचे म्हणणे भित्रेपणाचे नाही. ऑपरेशनला धोका असतोच, आणि नवी झडप मूळच्या झडपेची बरोबरी करत नाही. यांत्रिक झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि आयएनआरची तपासणी जन्मभर मागे लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. मुलाच्या बाजूनेही पुरावा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अर्ली टॅव्हर’ चाचणीत पासष्टीपुढचे, त्रास नसलेले ९०१ रुग्ण होते. त्यांतल्या नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ८७ टक्क्यांची झडप पुढच्या काही वर्षांत बदलावी लागलीच.

आकड्यांनी मात्र हा वाद मिटत नाही, कारण थांबण्याचा सगळा निर्णय रुग्णाच्या एका वाक्यावर उभा असतो.

“या वर्षी कुरोड्या स्लॅबवर का नाही वाळवल्या?”

“अंगणातही ऊन पडतं की.”

“आणि रामटेकच्या गडावर गाडीने गेलो ते?”

“गर्दी होती.” मग थोड्या वेळाने, “जिन्यात मधे थांबावं लागतं. वाटलं, वय झालं.”

ही लपवाछपवी नव्हे. झडप वर्षानुवर्षे हळूहळू आक्रसते आणि माणूस तितक्याच हळूहळू आपला वावर कमी करत जातो. जिना टाळला की दमही लागत नाही. म्हणूनच त्रास नाही म्हणणाऱ्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ट्रेडमिलवर चालवून पाहतात. पण जिन्यात थांबावे लागते असे रुग्ण स्वतःच सांगत असेल, तर ती चाचणी करायची नसते. तिथे थांबण्याची मुदत संपलेली असते.

“म्हणजे डॉक्टरांना जिन्याचं सांगू?”

“सगळ्यात आधी तेच सांग. आणि तुझी ती किडलेली दाढ दाखवून घेऊ. तोंडातले जंतू रक्तात उतरले तर नव्या झडपेवर बसतात, म्हणून दात ऑपरेशनच्या आधी नीट करून घ्यायचे असतात.”

“दाढेचं उद्याच करू,” आई म्हणते आणि रिपोर्ट पिशवीत ठेवते.